कपाटातला परिग्रह
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



'दैनंदिन जीवन आणि पर्यावरण' हा विषय मला देण्यात आला, तेव्हा मी वृक्षारोपणावर बोलेन अशी अनेकांची अपेक्षा असेल. झाडे लावणे उत्तमच. परंतु चाळीस वर्षे कापडाच्या दुकानात बसलेल्या माणसाने कापडाविषयी बोलावे, हे अधिक उचित. जे बोलणार आहे ते माझ्या गल्ल्याच्या हिताचे नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

पाणी गाळून पिणे आणि गाळण्यात उरलेले सूक्ष्म जीव पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडणे, ही आपल्या पूर्वजांची रीत. जलातील जीवांची एवढी चिंता वाहणाऱ्या समाजाने अंगावरच्या वस्त्राला किती पाणी लागते, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला. एका सुती टी-शर्टामागे, कापसाच्या शेतापासून धरल्यास, जगाच्या सरासरीने सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पुढे ब्लीचिंग, रंगाई, छपाई यांचे सांडपाणी निराळेच. पंचगंगेच्या काठच्या माणसांना ते समजावून सांगावे लागत नाही. शहरांचे मैलापाणी, साखर कारखाने आणि आमच्या व्यवसायातील प्रोसेसिंग, तिघांचाही वाटा त्या नदीत आहे. २०१२ साली इचलकरंजीत आलेली काविळीची साथ पिण्याचे पाणी दूषित झाल्याने आली. तिचे खापर रंगाच्या पाण्यावर फोडता येणार नाही. पण तिघांचे ओझे वाहणारी नदी एकच आहे.

मग पॉलिस्टर वापरावे काय? ते खनिज तेलापासून बनते आणि प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात. ते कुजत नाहीत. तेव्हा वस्त्र कोणते, यापेक्षा वस्त्रे किती, हाच खरा प्रश्न आहे.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी लुगडे विरले की त्याची वाकळ होई, वाकळ फाटली की पोतेरे. आजच्या सिंथेटिक साडीचे पोतेरेसुद्धा होत नाही, कारण ती पाणीच शोषत नाही! परंतु मला सर्वांत अधिक खुपते ते आहेराचे कापड. लग्नात, वास्तुशांतीत दिलेल्या साड्या आणि ब्लाउजपीस कोणी नेसत नाही, कोणी शिवत नाही. घडी न मोडता ते या घरातून त्या घरात फिरत राहतात. माझ्याच दुकानाचे लेबल असलेला ब्लाउजपीस तीन वर्षांनी माझ्याच घरी आहेरात आलेला मी पाहिला आहे. वापरासाठी घेतलेल्या वस्त्रातील हिंसा गृहस्थाला टाळता येत नाही. पण कोणीच वापरणार नाही असे वस्त्र विणवून, रंगवून घेणे, याला आपल्या शास्त्रातील 'अनर्थदंड' हा शब्द तंतोतंत लागू पडतो.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. ट्रस्टच्या मंगल कार्यालयात होणाऱ्या कार्यांत मानपानाचे कापड बंद व्हावे आणि आपल्या सत्कारांतील शाल थांबवावी. माझे काही व्यापारी बंधू यावर नाराज होतील. लग्नसराईतील आमच्या विक्रीचा मोठा भाग आहेराचाच असतो, त्यामुळे त्यांची नाराजी मी समजू शकतो. तरीही सूचना मागे घेणार नाही.

घरी करण्यासारखे थोडके सांगतो. कपडे पुरेसे साठल्यावरच मशीन लावावे, आणि वाळवायला ऊन आहेच. राज्यात २०१८ साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आल्यानंतर कापडासारख्या दिसणाऱ्या 'नॉनवोव्हन' पिशव्या बाजारात खूप दिसू लागल्या. त्या कापड नव्हेत, प्लास्टिकच आहेत. बाजारातून नवी सुती पिशवी आणणेही फारसे शहाणपणाचे नाही. तिलाही कापूस आणि पाणी लागलेलेच असते. पिशवी जुन्या साडीची असावी.

त्यासाठी येत्या रविवारी सकाळी ट्रस्टच्या कार्यालयात जुन्या सुती साड्या स्वीकारल्या जातील. पिशव्या कापून देण्याचे काम आमच्या दुकानाने घेतले आहे, शिवण्याचे महिला मंडळाने. साडी धुऊन आणि फॉल उसवून आणावी, एवढी विनंती.