गाडी दम खाते तेव्हा



एरवी मला कवितेवर बोलायला बोलावतात. आज गाडीवर बोलणार आहे. मी मिस्त्री नाही. बी.ए. झालेला माणूस, इंजिनाशी माझं नातं इतकंच की ते बंद पडलं की खाली उतरून धक्का मारायचा. पण एका दुखण्यानं मला चार महिने गॅरेजच्या बाकड्यावर बसवलं, आणि बसल्या बसल्या बरंच कानावर पडलं.

दुखणं असं. गाडी एका चावीत सुरू होते. गावात, सपाटीवर काही तक्रार नाही. पण चढावर किंवा पुढच्या वाहनाला मागे टाकताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की क्षणभर काहीच होत नाही. गाडी दम खाते, एखाद-दुसरा झटका देते आणि मग निघते. गॅरेजात याला ‘पिकअप घेत नाही’ म्हणतात, झटके जास्त असले तर ‘मिसिंग मारते’.

शहरात हा एक वैताग असतो. आमच्या महाड-पोलादपूरकडे तसं नाही. खेडकडे जायचं तर कशेडी घाट, महाबळेश्वरला आंबेनळी, भोरला वरंधा. कशेडीच्या बोगद्याची एक बाजू हलक्या गाड्यांना खुली झाली ती २०२३ च्या गणपतीत. मी सांगतोय ती गोष्ट त्याच्या आदल्या वर्षीची, २०२२ च्या मे महिन्यातली.

गाडी मुलगी चालवत होती. मी शेजारी, मागे अम्मी. पुढे लादलेला ट्रक रांगत होता. समोरचा रस्ता मोकळा दिसला, ट्रकवाल्यानं हात दाखवला, मुलीनं गाडी बाहेर काढली आणि पाय दाबला. गाडी ट्रकच्या बरोबरीला आली आणि तिथंच अडकली. वरच्या वळणावर एस.टी. दिसली. मुलीनं ब्रेक मारून गाडी पुन्हा ट्रकच्या मागे घेतली. मागच्या टेम्पोनं हॉर्न मारून घाट डोक्यावर घेतला.

मी काय केलं? तिच्यावर ओरडलो. “घाटात थर्डवर ओव्हरटेक करतात का?”

“अब्बा, सेकंडवरच होती.”

मी ऐकलं नाही. घरी आल्यावर तिनं चावी खिळ्याला अडकवली, ती दोन महिने तिथून काढली नाही. पुढे पोलादपूरला एकटाच निघालो होतो, तेव्हा गाडीनं मलाही तोच हिसका दाखवला. मीही सेकंडवरच होतो.

आता हे होतं कशानं? पेट्रोल जळायला हवा लागते, साधारण एक किलो पेट्रोलला पावणेपंधरा किलो. पाय दाबला की हवेची झडप उघडते आणि हवा एकदम आत धावते. त्याच क्षणी पेट्रोलही वाढलं पाहिजे. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत यासाठी एक छोटा पंप असायचा, तो पायासरशी पेट्रोलची चिळकांडी मारायचा. आताच्या गाड्यांत झडप किती उघडली, हवेचा दाब किती, हे सेन्सर सांगतात आणि कॉम्प्युटर त्या हिशेबानं पेट्रोल सोडतो. हवा आली आणि पेट्रोल मागे राहिलं, किंवा दोन्ही आली पण प्लगची ठिणगी कमजोर पडली, की गाडी अडखळते.

म्हणजे कारणं मोजकीच आहेत, हवा, इंधन आणि ठिणगी. पण प्रत्येकाच्या घरात दहा माणसं! हवेत तुंबलेला फिल्टर, काजळी धरलेली थ्रॉटल बॉडी, फुटकी नळी. ठिणगीत प्लग आणि कॉइल. इंधनात फिल्टर, पंप, इंजेक्टर. शिवाय क्लच घसरत असला तरी लोक ‘पिकअप नाही’ म्हणूनच येतात. ते ओळखणं सोपं आहे. इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र जागची उचलत नाही आणि जळका वास येतो. सी.एन.जी.वाल्यांना एक फुकटची परीक्षा आहे. गाडी दम खाऊ लागली की बटण दाबून पेट्रोलवर घ्यावी. दुखणं गेलं तर दोष बहुधा गॅसच्या बाजूला. राहिलं तर आधी हवा आणि ठिणगी बघावी, कारण ती दोन्हींना सामाईक आहेत.

पहिल्या गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला. पडद्यावर आलं पी ०१७१. याचा अर्थ हवेच्या मानानं इंधन कमी पडतंय. ही खबर देतो सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर. गॅरेजवाल्यानं प्लग बदलले आणि तो सेन्सरही बदलला. बिल झालं, गाडी होती तशीच. खबर आणणाऱ्यालाच नोकरीवरून काढलं, दुसरं काय!

मग शेजाऱ्यानं एका तरुण मिस्त्रीकडे पाठवलं. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. स्टूल पुढे केलं आणि विचारायला बसला. “चाचा, थंड असताना करते की गरम झाल्यावर? टाकी भरलेली असताना की रिकामी होत आली की जास्त? एसी लावल्यावर?” मी म्हटलं, “बाबा रे, हे मी कधी बघितलंच नाही.” तो म्हणाला, “आठ दिवस चालवा, बघा आणि मग या.” मला राग आला. पैसे द्यायला तयार असलेल्या माणसाला परत पाठवतो म्हणजे काय? पण आठ दिवस वहीत टिपलं. चढावर हमखास. टाकी अर्ध्याखाली गेली की जास्त. थंड-गरमचा फरक नाही.

ती वही त्यानं वाचली आणि विचारलं, “पुरात होती का गाडी?”

होती. २२ जुलै २०२१ ला महाडात पाणी शिरलं तेव्हा आमच्या दारातली ही गाडी खिडकीपर्यंत बुडाली होती. नंतर सीट काढून धुतल्या, ऑइल बदललं, टाकीतलं पेट्रोल उपसून टाकलं. टाकी उतरवून कुणी धुतली नव्हती.

मिस्त्रीनं इंधनाच्या नळीवर दाब मोजायचं गेज बसवलं. गाडी उभी असताना काटा तीनच्या आसपास स्थिर. मग त्यानं गाडी चढावर नेली. पाय दाबला की काटा खाली यायचा. पंपाला पेट्रोल ओढताच येत नव्हतं. (हे घरी करून बघू नका. त्या नळीत पेट्रोल दाबाखाली असतं.) टाकी उतरवली. पंपाच्या तोंडाशी मोज्यासारखी बारीक जाळी असते. ती तांबूस चिखलानं लिंपून गेली होती. सपाटीवर थोडं पेट्रोल पुरतं, म्हणून कळत नव्हतं. चढावर मागणी वाढली की टंचाई. आणि पेट्रोल तळाला गेलं की बसलेला गाळ हलून जाळीवर यायचा.

त्या गाळाला हात लावताना बरं वाटलं नाही. घराच्या भिंतीवरून, पुस्तकांच्या कपाटातून वर्षभरापूर्वी मी तोच चिखल खरवडला होता.

टाकी धुतली, जाळी आणि फिल्टर नवे घातले, पंप जुनाच ठेवला. पहिल्या गॅरेजला दिले त्याच्या निम्म्यातही नाही.

पुरात सापडलेली गाडी ज्यांच्याकडे आहे, किंवा जे जुनी गाडी घेणार आहेत, त्यांनी टाकी उतरवून धुतली होती का, हे जरूर विचारावं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये थोडं पाणी विरघळून जातं, जास्त झालं की इथेनॉललाच सोबत घेऊन तळाला जातं. २०२५ पर्यंत पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत गेलं आहे, तेव्हा जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्याही एकदा बघून घ्याव्यात. आणि आंबेनळी चढून महाबळेश्वरला पोचल्यावर गाडी थोडी मंद वाटली तर लगेच गॅरेज गाठू नका. तिथं साडेतेराशे मीटरवर हवा विरळ असते. साध्या इंजिनाची ताकद शेकडा दहा-बारा कमी होतेच. पण ती सारखी कमी होते, झटके देत नाही.

गाडी आणली त्या संध्याकाळी मी ती जाळी कागदात बांधून घरी नेली आणि मुलीपुढे ठेवली. “तुझा गिअर बरोबर होता,” म्हटलं. तिनं जाळी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, “हे मी तेव्हाच सांगितलं होतं, अब्बा.” चावी मात्र तिनं लगेच घेतली नाही. आणखी तीन दिवसांनी, अम्मीला डॉक्टरकडे न्यायचं होतं, तेव्हा घेतली. मी मागच्या सीटवर बसलो.