गाभाऱ्याला दगड कोणता?



जीर्णोद्धार म्हटला की संगमरवराची गोष्ट प्रथम निघते. देणाऱ्याची भावना थोर, यात शंका नाही. पण दगडाचा गुण पाहिल्यावाचून जुनी फरशी उखडू नये.

पनवेलच्या खाणींतला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस. कर्नाळ्याचा सुळका त्याचाच. त्याचा घनफुटाचा सलग ठोकळा ८० किलोंच्या आसपास भरतो, ग्रॅनाइटचा सुमारे ७५. हातोडी मारताच खणखणला तर दगड चांगला. पोकळ्यांत पांढरे खडे भरलेला दगड बद्द वाजतो. तो पायरीला घेऊ नये.

माथेरानच्या माथ्यावर दिसतो तो जांभा. खाणीतून मऊ निघतो, वारा लागला की कठीण होतो. परंतु सच्छिद्र असल्याने पाणी पितो. कुंपणाच्या भिंतीला उत्तम, गाभाऱ्यात नको.

संगमरवर मुळात चुनखडीच. लोखंडी खिळ्यानेही त्यावर ओरखडा उठतो आणि आंबट पदार्थ त्याला खातात. पंचामृतात दही तर असतेच! रोजच्या अभिषेकाने त्याची झळाळी किती टिकणार? काळ्या पाषाणावर दह्याचा फारसा परिणाम होत नाही. अंबरनाथचे शिवालय इ. स. १०६० चे, याच दगडाचे. ते आजही पाऊस झेलत उभे आहे.

ग्रॅनाइट टणक खरा, पण झिलई केलेला ओला झाला की पाय घसरतो.

तेव्हा गाभाऱ्यातील जुने दगड तासून पुन्हा बसवावेत. संगमरवर द्यावयाचाच असेल, तर सभामंडपाच्या भिंतीला द्यावा. आणि पाषाणाला तैलरंग मात्र फासू नये.