स्मरणचित्र



आज शाळेला दिलेलं चित्र धोबीतलावच्या कयानी अँड कंपनीचं आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल. १९०४ साली सुरू झालेलं हे इराणी हॉटेल. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तिथे बन-मस्का खाल्ला आहे आणि बिल कोणी द्यायचं यावरून वादही घातले आहेत.

मला वाटलं होतं, हे चित्र डोळे मिटून काढता येईल. घरी बसून काढलं, तर खुर्च्या शाळेच्या ऑफिसातल्या निघाल्या! मग तीन दिवस सकाळी तिथे जाऊन बसलो. तेव्हा कुठे दिसलं की त्या खुर्चीची पाठ आणि मागचे पाय एकाच वाकवलेल्या लाकडाचे असतात. टेबलक्लॉथच्या लाल-पांढऱ्या चौकड्या लांब जाताना चपट्या होत जातात. बिस्किटांच्या बरण्यांची चमक रंगाने येत नाही, तिथे कागद कोराच सोडावा लागतो. सर, हे सगळं तुम्ही आठवीत सांगितलं होतं.

मांडणी मात्र पहिल्यापासून तीच राहिली. आतल्या कोपऱ्यातून पाहिलेलं हॉटेल, पुढे अर्धं कापलेलं टेबल, मागे गल्ला आणि उजेडाने भरलेलं दार.

ही मांडणी माझी नाही.

इंटरमिजिएटच्या परीक्षेत स्थिरचित्राचा पेपर संपवून माझा बाकावरचा सोबती आणि मी कयानीत गेलो होतो. मग स्मरणचित्राला विषय आला, ‘हॉटेलातील दृश्य’. मला काही सुचेना. त्याच्या कागदाकडे पाहिलं आणि तेच काढलं. मला ‘ए’ ग्रेड मिळाली, त्याला ‘सी’. सरांनी वर्गासमोर माझी पाठ थोपटली. तो शेजारीच बसला होता. एक अक्षर बोलला नाही. पुढे त्याने ब्रश हातात धरल्याचं मी पाहिलं नाही.

सर, ती शाबासकी मी आज परत करतो.

त्याचं नाव सांगत नाही. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि आता मान खाली घालून हसतो आहे. चित्रावर मी अजून सही केलेली नाही. उजवा कोपरा त्याच्यासाठी ठेवला आहे. आधी त्याने करावी, मग मी करीन.

आणि हो, त्या दिवशी कयानीतलं बिलही त्यानेच दिलं होतं.