अवकाशविज्ञान मुलांना कसे शिकवावे?

(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही काही विज्ञानाचे पदवीधर नव्हे. कला शाखेत शिकलो, बँकेत कारकुनी करतो. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहोत. कारण उपग्रह आता आमच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचला आहे. दुर्गम भागातील कित्येक शाखा आणि एटीएम उपग्रहामार्फतच मुख्य संगणकाशी जोडलेली असतात.

शाळेत मुले सनावळी पाठ करतात. १९ एप्रिल १९७५, आर्यभट. २३ ऑगस्ट २०२३, चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. गुण मिळतात, पण विज्ञान हाती लागत नाही. ‘का?’ विचारायला शिकवणे हेच खरे विज्ञानशिक्षण, असे आमचे मत आहे.

बैलगाडीवर ठेवलेल्या ‘ॲपल’ उपग्रहाचे छायाचित्र आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. हा उपग्रह १९८१ साली अवकाशात गेला. देश गरीब, म्हणून बैलगाडी, असा पुष्कळांचा समज आहे. खरे कारण निराळे आहे. अँटेनाची चाचणी घेताना आसपास धातू असेल तर रेडिओलहरींना अडथळा येतो, म्हणून लाकडी गाडी घेतली. ज्याला आपण दारिद्र्य समजलो, ती बुद्धीची करामत होती!

श्रीहरिकोटा पूर्व किनाऱ्यावरच का? पृथ्वीगोल घ्या आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवून दाखवा. पूर्वेकडे सोडलेल्या अग्निबाणाला पृथ्वीच्या फिरण्याचा वेग आयताच मिळतो. शिवाय त्याचे गळून पडणारे भाग वस्तीवर न पडता समुद्रात पडतात. हे समजावण्यास प्रयोगशाळा लागत नाही.

आणि मुलांना यशाबरोबर अपयशही सांगा. १० ऑगस्ट १९७९ रोजी ‘एस.एल.व्ही.-३’चे पहिले उड्डाण फसले. दोष शोधून काढला आणि १८ जुलै १९८० रोजी त्याच जातीच्या अग्निबाणाने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. ‘पी.एस.एल.व्ही.’ १९९३ साली अपयशी ठरले, १९९४ साली यशस्वी झाले. चांद्रयान-२ चा लँडर २०१९ मध्ये चंद्रावर आदळला. चार वर्षांनी चांद्रयान-३ अलगद उतरले. गणितात एकदा नापास झाला म्हणून शाळा सोडणारा मुलगा आपल्याच वस्तीत असतो. त्याला हा इतिहास कोणी सांगायचा? तो आपणच सांगायला हवा.

मंडळाच्या अभ्यासिकेत एक पृथ्वीगोल आणि एक साधी दुर्बीण असावी, अशी आमची विनंती आहे. नववीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘इस्रो’ने २०१९ साली ‘युविका’ हा उपक्रम सुरू केला. त्याची माहिती पालकांनी शाळेत जरूर विचारावी.

विद्यार्थी मित्रांनो, गुरुजींनी सांगितलेले ऐका, पण ‘का?’ विचारल्याशिवाय वही मिटू नका.