पोस्टडॉक शोधताय? आधी ग्रँट शोधा

कुरुंदवाडहून बोलतोय. आजचा भाग संगणकीय विज्ञानात पीएचडी झालेल्या किंवा होत आलेल्यांसाठी. सिम्युलेशन, मॉडेलिंग करणारी मंडळी. मी साधा बीटेक, सॉफ्टवेअरवाला. पण तुमच्या अर्जातल्या कोडबद्दल बोलायला तेवढं पुरे.

आपल्या गावात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी. बर्कलीला पीएचडी करत असतानाच, १९८२ साली, पहिला मिलिसेकंद पल्सार शोधणाऱ्यांत ते होते. सेकंदाला ६४२ वेळा फिरतो हा तारा! १९८५ मध्ये ते मिलिकन फेलो म्हणून कॅलटेकला गेले आणि पुढे तिथेच प्राध्यापक झाले. अशा नावाच्या फेलोशिपमध्ये पैसा संस्थेचा आणि विषय बराचसा तुमचा. आपल्या क्षेत्रात बर्कली लॅबची अल्वारेझ आणि अर्गोनची मार्गारेट बटलर फेलोशिप आहे. या राष्ट्रीय प्रयोगशाळा आहेत, विद्यापीठं नव्हेत. आणि जागा मोजक्याच.

विद्यापीठातली बहुतेक पोस्टडॉक म्हणजे एका प्राध्यापकाने आपल्या ग्रँटमधून दिलेली नोकरी. एमएसच्या ॲडमिशनसारखं इथे काही नाही. जीआरई नाही, इनटेक नाही. त्यामुळे कन्सल्टन्सीवाल्याला पैसे देऊ नका, त्याच्या हातात इथे काहीच नसतं.

मग पैसा कुणाकडे आहे ते कसं कळणार? एनएसएफच्या साइटवर मंजूर झालेली प्रत्येक ग्रँट उघड दिसते: प्राध्यापकाचं नाव, रक्कम, सुरुवात, शेवट, कामाचा गोषवारा. तुमच्या विषयातले शब्द टाका आणि नुकत्याच सुरू झालेल्या ग्रँट बघा. माणूस घ्यायची गरज तिथे जास्त असते. सहा महिन्यांत संपणारी असेल तर सोडून द्या. जाहिरात येईपर्यंत थांबलात तर कधीकधी माणूस आधीच ठरलेला असतो.

आता ईमेल. 'रिस्पेक्टेड सर, युवर एस्टीम्ड ग्रुप' हे बंद करा, प्लीज. समजा तुम्ही पंचगंगेच्या पुराचं मॉडेल केलंय. मग सरळ लिहा: शिरोळ तालुक्यासारख्या सपाट भागात पाणी पसरतं तेव्हा माझं मॉडेल इथे चुकतं, तुमच्या पेपरमधली पद्धत तिथे लावून बघायची आहे. चार-पाच ओळी, सीव्ही आणि कोडची लिंक. तो कोड दुसऱ्याच्या मशीनवर चालला पाहिजे हो! रीडमी, एक छोटं उदाहरण, थोड्या टेस्ट. गिटहबवर 'फायनल_न्यू_२' नावाचं फोल्डर बघून कुणी नोकरी देत नाही. शिफारसपत्रं देणाऱ्या तिघांनाही आधीच सांगून ठेवा.

व्हिसाचं नीट ऐका. पोस्टडॉकला बहुधा जे-१ मिळतो, रिसर्च स्कॉलर म्हणून जास्तीत जास्त पाच वर्षं. परत येऊन दोन वर्षं भारतात राहायची अट कौशल्य-यादीमुळे लागायची. त्या यादीतून डिसेंबर २०२४ मध्ये भारताचं नाव निघालं. पण फुलब्राइट-नेहरू घेतलीत तर ती अट लागतेच, सरकारी पैसा असतो म्हणून. एच-१बीवर सप्टेंबर २०२५ मध्ये भारतातून जाणाऱ्या नव्या अर्जांसाठी एक लाख डॉलरची फी आली. ऑफरमध्ये एच-१बी लिहिलं असेल तर ती कोण भरणार, हे सही करण्याआधी विचारा.

आणि करार बहुधा एकेक वर्षाचाच असतो. दुसऱ्या वर्षाचा पैसा ग्रँटमध्ये आहे का, हे मुलाखतीतच विचारायचं. यात लाजायचं काही कारण नाही.