जुन्या ट्रकची चासी: रंग कोणता?
१९५४ पासून जमशेदपुरात बनू लागलेल्या टाटा-मर्सिडीज ट्रकांपैकी एखादा पुन्हा उभा करताना, चासीला पावडर कोटिंग करा, असा सल्ला हमखास मिळतो. ते कठीण असतं, एकसारखं दिसतं, हे खरंच. पण अशा चासीत पट्ट्यांवर पट्ट्या रिव्हेटने ठोकलेल्या असतात आणि गंज धरतो तो नेमका त्या फटींत. तिथे ना सँडब्लास्टिंग नीट पोचतं, ना पावडर. वरून चकचकीत, आत ओल! खडी लागून टवका उडाला की पाणी थराखाली सरकतं आणि कोटिंग सालीसारखं सुटू लागतं. मग दुरुस्तीसाठी सगळी चासी मोकळी करून पुन्हा सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत घाला.

म्हणून इपॉक्सी प्रायमर, त्यावर पॉलियुरेथेनचा काळा हात आणि फटींत मेणाचा फवारा, हे मला अधिक पटतं. गॅल्वनायझिंग का नको? जस्त राखण उत्तम करतं. मात्र ४५० अंशांच्या आसपासच्या रसात बुडवताना लांब चासीला पीळ पडू शकतो आणि आधीच्या धुलाईचं आम्ल फटींत अडकून राहतं. इपॉक्सीच्या वाटेतही एक पथ्य आहे: तो उन्हात पांढुरका पडतो, तेव्हा वरचा हात वाचवायला जाऊ नये. टवका इथेही उडेल, पण तो घासून ब्रशने जागच्या जागी रंगवता येतो.