अभय आणि अधिकार



शरण आलेल्या कपोतासाठी शिबिराजाने स्वतःच्या देहाचे मांस तोडून दिले, ही कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. राजाच्या औदार्याचा गौरव यथार्थच आहे. परंतु कपोताच्या बाजूने पाहिले तर एक प्रश्न उरतो. राजा शिबी नसता, तर त्या पाखराने दाद कोणाकडे मागितली असती?

भोपाळला हा प्रश्न परका नाही. दुसऱ्या महायुद्धात बैरागढ येथे इटालियन युद्धकैद्यांची छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर तेथील बराकींत सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी संसार मांडले. आजचे संत हिरदाराम नगर ते हेच. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची कहाणीही अशीच आहे. तेथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. युद्ध संपले तेव्हा त्यांतील अनेकांची मूळ गावे सोव्हिएत रशियाच्या हद्दीत गेलेली होती. ते गेल्यावर त्या छावणीतही सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसले.

फाळणीत आलेल्यांना राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने नागरिकत्वाची वाट मोकळी करून दिली. पुढे आलेल्यांसाठी ती वाट तितकी सरळ राहिली नाही. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील नाही; आश्रयाचा स्वतंत्र कायदाही येथे नाही. परकीयांविषयीचा १९४६ चा कायदा जाऊन २०२५ चा आला, तरी आश्रय मागण्याचा हक्क त्यानेही दिलेला नाही.

त्यामुळे आश्रय मिळतो तो शासकीय आदेशाने. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने पाकिस्तान, अफगाणिस्तान व बांगलादेशातून आलेल्या सहा अल्पसंख्य समाजांना नागरिकत्व देण्याचे अधिकार १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले. त्यांत नागपूर, मुंबई, पुणे व ठाण्याबरोबर इंदूर आणि भोपाळही होते. मुदत मात्र दोन वर्षांची. २०१९ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०१४ ही सीमारेषा आखली. तिबेटी, श्रीलंकेतील तमिळ, रोहिंग्या यांचा त्या दुरुस्तीत समावेश नाही. संकट सारखेच असले, तरी मोजपट्टी निराळी. एका देशाचे पारपत्र निरुपयोगी झालेले, दुसऱ्याचे हाती आलेले नाही, अशी माणसे वर्षानुवर्षे अधांतरी राहतात.

१९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, घटनेच्या एकविसाव्या कलमाचे संरक्षण केवळ नागरिकाला नव्हे, प्रत्येक व्यक्तीला आहे. हा मोठाच आधार आहे. पण त्यासाठी न्यायालयाच्या पायरीपर्यंत पोहोचावे लागते, आणि निराधाराला नेमके तेच कठीण असते.

ग्रंथालयात वाचकाला पुस्तक मिळते ते ग्रंथपालाची मर्जी आहे म्हणून नव्हे, नियम आहे म्हणून. ग्रंथपाल बदलला तरी वाचकाचा हक्क बदलत नाही. औदार्याची परंपरा आपल्यापाशी आहेच. तिला कायद्याचे बळ मिळावे, एवढीच शरणागताची अपेक्षा असते.